वडगावचे माग, गेलेली करंट आणि निक ड्रेकची पहिली रेकॉर्ड

मागाखालचा (वडगाव, बेळगाव)

मंडळी, माळ्यावरचं सामान काढताना एक कॅसेट सापडली. साठ मिनिटांची, टीडीके. वर निळ्या बॉलपेनात 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' एवढंच. २००२ साली बेंगळुरूच्या होस्टेलमधल्या रूममेटनं सीडीवरनं भरून दिलेली. गाणारा निक ड्रेक. इंग्लंडचा पोरगा, रेकॉर्ड १९६९ ची, त्याची पहिलीच. तेव्हा तो एकवीस वर्षांचा.

आता ही शांत गाणी वडगावात कशी ऐकायची ते सांगतो. आमच्या घरात खाली दोन पॉवरलूम. शेजारी चार, मागच्या गल्लीत किती ते मोजायचं नाही. सकाळी आठ ते रात्री आठ धोटा इकडनं तिकडं खटॅक-खटॅक. आमच्यात कोणी हळू बोलत नाही, त्याचं कारण हेच. लग्नात बायकोकडचे म्हणाले, तुमच्याकडं सगळे भांडतात काय ओ? भांडत नाही, माग चालू असतात.

सुट्टीत घरी आलो, टू-इन-वनला कॅसेट लावली. काहीच ऐकू येईना. कुणीतरी लांब विहिरीत बसून पुटपुटतंय असं वाटायचं. आवाज वाढवला तर फुसफुसच वाढली. ठेवून दिली. मग एका दुपारी लोडशेडिंग झालं. करंट गेली की अख्खं वडगाव एका सेकंदात गप्प होतं, ज्यानं अनुभवलंय त्याला माहिती. आधी माग थांबतात, मग कानात शिट्टी वाजते, मग कावळे ऐकू येतात. टू-इन-वनमध्ये चार मोठे सेल घातले आणि परत लावली.

त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. नंतर त्या सुट्टीभर मी करंट जायची वाट बघायचो आणि आमचे बाबा मला शिव्या द्यायचे, कारण करंट गेली की त्यांची मजुरी जायची.

प्रश्न एवढाच की इतकी चांगली रेकॉर्ड त्या वेळी कुणी घेतली का नाही? तो जिवंत असताना त्याच्या एकाही रेकॉर्डच्या पाच हजारांवर प्रती खपल्या नाहीत असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कुणी ऐकलीय काय इथं?

---

उगाचच (टिळकवाडी)

बेळगावच्या ग्रुपवर इंग्रजी गाणी. आता एवढंच राहिलं होतं. बोर्ड मराठीत लावायला मिळेना आणि आम्ही निक ड्रेक ऐकायचा.

---

व्यवस्थापक

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिकडे ४११ प्रतिसाद झालेत. इथे गाणं.

---

निपाणीकर

मागाखालचा, नावाचा अर्थ माहीत आहे काय? 'लीव्हज' म्हणजे झाडाची पानं नव्हेत. तिकडं सिगारेट हातानं वळायचे कागद मिळतात, रिझला नावाचे. पुडी संपत आली की मध्येच एक चिठ्ठी यायची, पाचच कागद राहिलेत म्हणून. तेच नाव त्यानं रेकॉर्डला दिलं.

आमच्या घरात आई विड्या वळायची, म्हणून हे वाचलं तेव्हा मी जागेवरच हसलो. निपाणीत अर्ध्या घरांची हीच गोष्ट. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याचा तुकडा वर ठेवून कात्रीनं कापायची, सुपात तंबाखू, मांडीवर सूप. पान, चिमूट, वळ, दोरा, तोंड मोड. आईला पानं मोजावी लागत नसत. डोळे टीव्हीवर आणि हात सुपात, तरी सांगायची, 'आता दीडशे निघतील, मग भाजी टाकते.' चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. बोटालाच कळायचं.

आणि संध्याकाळी कारखान्यात विड्या द्यायला गेलं की मोजणारा मूठभर बाजूला काढणार. छाट. पान फाटलंय, तोंड नीट नाही, काहीही कारण. छाटीचे पैसे नाहीत. ती छाट पुढं फेकून देत नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी?

तुमच्या ह्या निकचं तसंच झालं म्हणायचं. छाटीत गेला.

---

मागाखालचा

निपाणीकर, छाटीत गेला हे भारी. पण छाट काढणारा कोण, ते बघायला पाहिजे. रेकॉर्ड कंपनीनं काढली नाही. उलट पैसे घालून केली. आयलंड रेकॉर्ड्सची होती, निर्माता जो बॉईड नावाचा अमेरिकन, लंडनच्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत रेकॉर्डिंग, इंजिनियर जॉन वुड. पोरगा केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकत होता. त्याला एका कार्यक्रमात फेअरपोर्ट कन्व्हेन्शन नावाच्या बँडमधल्या बेस वाजवणाऱ्यानं ऐकलं आणि बॉईडला सांगितलं. एवढ्यावर करार. आमच्याकडं असं होतं काय? आमच्याकडं आधी मामा लागतो.

आणि वाजवणारे बघा. डबल बेसवर डॅनी थॉम्पसन, पहिल्याच गाण्यात इलेक्ट्रिक गिटारवर रिचर्ड थॉम्पसन. तिथले मोठे लोक. व्हायोलिनं-चेलो कशी वाजवायची हे लिहून द्यायला आधी एक अनुभवी माणूस ठेवलेला, ते जमेना. मग हा लाजाळू पोरगा म्हणाला, माझा एक मित्र आहे. रॉबर्ट कर्बी, तोही केंब्रिजचाच विद्यार्थी. बॉईडनं त्याच्यावर टाकलं. 'वे टू ब्लू' ऐका. त्यात गिटारच नाही. नुसता आवाज आणि तंतुवाद्यं.

---

तबल्याची शाई (शहापूर)

दुसरं गाणं मी आता यूट्यूबवर ऐकलं. 'रिव्हर मॅन'. मंडळी, ह्यात पाच मात्रा आहेत! इंग्रजी गाणं म्हटलं की चारच्या हिशोबात डोकं हलवायची सवय, इथं डोकं हलवलं की प्रत्येक वेळी चुकतंय. दोनदा ऐकल्यावर मी मांडीवर धरलं: धी ना, धी धी ना. अर्धा झपताल. बसतंय की! सगळं गाणं संपेपर्यंत बसलं.

---

गोकाकचा करदंट

घरी कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे मला दोन्हीकडनं बोलायचा हक्क आहे. आमच्या चुलत्यांनी मृदंगावर शिकवलेलं: तक तकिट. खंडचापू. पाचाचाच. झपताल तुमचा, चापू आमचा, गाणं इंग्रजाचं. आता ह्यावर समिती नेमा.

---

तबल्याची शाई

समिती नेमली तर निकाल आमच्या नातवंडांना कळेल 😄

पण करदंट, एक सांगा, दोन-तीन ऐकू येतंय की तीन-दोन? मला गिटारचा अंगठा ऐकला की वाटतं तीन आधी. आवाज ऐकला की दोन आधी. गायक मात्रेवर उतरतच नाही. ओळ सुरू करतो ती समेच्या नंतर, आणि मध्येच असा ओढतो की ठेका धरणाऱ्याचा जीव वरखाली. आमच्याकडं ह्याला आडीत गाणं म्हणतात आणि ते जमायला दहा वर्षं भजनी मंडळात मार खावा लागतो.

---

मागाखालचा

शाई, हे वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या बाबांनीही हेच केलं होतं. ते वडगावच्या भजनात पखवाज वाजवायचे. पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं राहिलं. ती लोडशेडिंगची दुपार: ते बंद मागाला टेकून खाली बसलेले, हातात रिकामी कांडी. वर माझं चालू. थोड्या वेळानं टक-टक आवाज यायला लागला. मला वाटलं करंट आली. बघतो तर बाबा त्या कांडीनं मागाच्या लाकडावर ठेका धरून बसलेत. मला बघून थांबले. म्हणाले, 'कोण हाय ओ हा? ताल चुकत नाही, पण घाईत नाही.'

मी म्हटलं इंग्रज आहे. ते म्हणाले, 'असू दे की.'

आमच्या घरातलं ह्या रेकॉर्डचं एकमेव परीक्षण ते.

---

सारंगीवाली (खानापूर)

मी गाणं शिकवते, म्हणून थोडं बारकाव्यात जाते. 'रिव्हर मॅन'मध्ये ओळीच्या सुरुवातीला कोमल गंधाराचा रंग आहे. उदास, ढग आल्यासारखा. आणि ओळ संपताना खालचा स्वरमेळ बदलतो आणि शुद्ध गंधार येऊन बसतो. एक क्षणच. परत पुढच्या ओळीला कोमल. माझ्या एका विद्यार्थिनीला ऐकवलं तर ती पटकन म्हणाली, 'बाई, जोग?' जोग नव्हे अर्थात, त्यांच्याकडे ती वाटच वेगळी आहे. पण दोन्ही गंधार शेजारी ठेवल्यावर काय होतं हे आपल्या कानाला माहीत आहे, म्हणून हे गाणं आपल्याला परकं वाटत नाही.

ह्या एका गाण्याची तंतुवाद्यं कर्बीची नव्हेत. त्याला हे जमेल असं वाटेना, म्हणून हॅरी रॉबिन्सन नावाच्या, सिनेमाला संगीत देणाऱ्या ज्येष्ठ माणसाकडे गेले. आणि निकनं गायलं-वाजवलं ते त्या सगळ्या वादकांच्या बरोबर बसून, एकदम. आधी आवाज, मग वरून व्हायोलिनं चिकटवली असं नाही. म्हणून ती त्याच्या श्वासाबरोबर वर चढतात.

सुळेभावी आमच्यापासून फार लांब नाही. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, तिथं जन्मले, १९२४ साली. तेही स्वतःच्या बंदिशी स्वतः बांधून गायचे. त्यामुळे 'स्वतः लिहून स्वतः गाणारा' हे आपल्याला नवं आहे असं नाही. फक्त रेडिओनं सवय लावली: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर तिसऱ्याचाच.

---

उगाचच

बरं, ऐकली मी. सगळी नाही, पाच गाणी. मला आपलं खरं ते बोलू दे. एकसुरी आहे. सगळीकडे तोच कुजबुजणारा आवाज, तेच ढग. माणूस सव्विसाव्या वर्षी गेला, म्हणून लोक आता डोळे पुसत ऐकायलेत. म्हातारा होऊन वारला असता तर कुणी विचारलं नसतं.

---

मागाखालचा

उगाचच, तुमच्यासारखंच त्या वेळी एका इंग्रजी संगीत साप्ताहिकानं लिहिलं होतं, करमणूक व्हावी इतकं वैविध्य नाही म्हणून. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

एक मान्य करतो. दहाच्या दहा गाणी हिरे नाहीत. 'मॅन इन अ शेड' मला गमतीपुरतं वाटतं. 'द थॉट्स ऑफ मेरी जेन'मधली बासरी जरा जास्तच गोड आहे, कुंद्यावर साखर पेरल्यासारखी. पण एकसुरी? 'थ्री अवर्स'मध्ये कोंगा ढोल आणि बेस एकमेकांच्या अंगावर धावतात. 'चेलो साँग'मध्ये चेलो माणसासारखा गुणगुणतो. शेवटच्या 'सॅटर्डे सन'मध्ये गिटार ठेवून हा पियानोवर बसलाय आणि मागं व्हायब्रफोन, धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. पाचांत तुम्ही दुसरी बाजू ऐकलीच नाही की ओ!

मेला म्हणून मोठा झाला, ह्याचं उत्तर मात्र माझ्याकडं नाही. उलट माझ्यासारख्याला त्रास होतो तो 'फ्रूट ट्री'चा. विसाव्या वर्षाच्या आसपासच्या पोरानं लिहिलंय की कीर्ती मातीत गेल्याशिवाय फळत नाही, अशा अर्थाचं. आता ते ऐकताना गाणं ऐकू येत नाही, भविष्य ऐकू येतं. मी ते गाणं बहुतेक वेळा पुढं ढकलतो.

---

कॅम्पातला म्हातारा

मी १९७४ ते १९८८ खडे बाजारात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करत होतो. ही रेकॉर्ड बेळगावात माझ्या हाताखालून कधी गेली नाही. कॅम्पातल्या गोऱ्या-अर्धगोऱ्या घरांतून जिम रीव्हज यायचा, क्लिफ रिचर्ड यायचा. हा नाही.

पण धंद्याची गोष्ट म्हणून एक सांगतो. न खपलेल्या रेकॉर्डचं काय होतं? दुकानदार परत पाठवतो. कंपनी दोनेक वर्षं बघते, मग यादीतून नाव काढते. एकदा यादीतून गेली की साचा पुन्हा यंत्रावर चढत नाही. तुम्ही दुकानात जाऊन नाव घेतलं तरी तो म्हणणार, येत नाही आता. किती चांगले गवई असे गेले, त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत, मग हळहळायचं कोणासाठी?

ह्या पोराच्या बाबतीत फरक पडला तो इथं. बॉईड १९७१ च्या सुमारास आपली निर्मितीची कंपनी आयलंडला देऊन अमेरिकेला परत गेला. देताना त्यानं अट घातली की निक ड्रेकच्या रेकॉर्ड कधीही यादीतून काढायच्या नाहीत. खपोत न खपोत. बाकी वाटाघाटीत माणूस पैसे वाढवून मागतो. ह्यानं हे मागितलं.

म्हणजे छाटीत टाकू दिला नाही. निपाणीच्या गृहस्थांनी लक्षात घ्यावं.

---

निपाणीकर

काका, लक्षात घेतलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'असा एक मुकादम आम्हाला मिळाला नाही.'

---

सारंगीवाली

काकांचा मुद्दा मला सर्वांत पटला. त्या अटीमुळे पुढच्या सगळ्या गोष्टी होऊ शकल्या. १९७९ ला तिन्ही रेकॉर्ड एका पेटीत निघाल्या. पुढं अमेरिकेत एका जर्मन मोटारीच्या जाहिरातीत त्याचं तिसऱ्या रेकॉर्डमधलं 'पिंक मून' वापरलं, १९९९-२००० च्या सुमारास, आणि एकदम खप वाढला. जाहिरात बघून पोरं दुकानात गेली, तेव्हा फळीवर माल होता. नसता तर?

---

गिटार_अनगोळ

उशिरा आलो. मी तर ह्या माणसामुळे गिटार सोडली होती दोन वर्षं 😅 कारण उजव्या हाताची बोटं. अंगठा आपलं वेगळं चालवतो, बाकीची बोटं वेगळं, आणि दोघांत कधी भांडण नाही.

प्रतिसादांत एक राहिलं. न खपण्याचं मोठं कारण म्हणजे त्याला लोकांसमोर बसवत नव्हतं. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या आधी तो गायला, तिथले लोक ऐकायलाच आलेले, तिथं नीट झालं. मग लहान क्लबांत, कॉलेजांत, नाचगाण्याच्या कार्यक्रमांत पाठवलं. तिथं दारू, गप्पा, ग्लासांचा आवाज. ह्याची बरीचशी गाणी वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या गिटारवरची. एक गाणं झालं की खुंट्या पिळत बसायचं. तानपुरा पंचमातून मध्यमात आणायला किती वेळ जातो? इथं सहा तारा. तोपर्यंत लोक आपापसांत बोलायला लागणार. दुसरा कोणी असता तर दोन विनोद सांगून वेळ मारून नेली असती. हा गप्प बसून खुंट्या पिळायचा. थोड्याच काळात त्यानं कार्यक्रम करणंच सोडलं.

मी स्वतः एकदा गणेशोत्सवात अशी चूक केलीय. नेहमीपेक्षा वेगळ्या सुरात गिटार लावून स्टेजवर गेलो, दुसऱ्या गाण्याला परत लावायला बसलो. मागनं एकजण ओरडला, 'दुरुस्तीचं दुकान उघडलंय काय ओ?' मंडपभर हसू. तिथंच तार तुटली.

मोठा झालेला निक गातानाचं एक सेकंदाचंही चित्रीकरण कुठं नाही. फोटो आहेत, बस. इतका कमी दिसला तो लोकांना.

---

कॅम्पातला म्हातारा

अनगोळ, तुमची तार तुटली ती तीन नंबरची असणार. वर ओढताना तीच जाते.

---

गिटार_अनगोळ

काका 🙏 तीनच.

---

उगाचच

बरं, मी दुसरी बाजू ऐकली. 'सॅटर्डे सन' चांगलं आहे. बाकी मत तेच. पण ते मुखपृष्ठ बघितलं नीट. हिरव्या चौकटीत हा खिडकीतनं बाहेर बघत उभा. आणि मागच्या बाजूला भिंतीला टेकून उभा, समोरनं एक माणूस पळत जायलाय, इतका जोरात की नुसता पुसट दिसतोय. तो फोटो मात्र बराच वेळ बघितला. मागच्या रविवारी चन्नम्मा सर्कलला मी असाच उभा होतो, बायको साडीच्या दुकानात. कुणीच बघितलं नाही.

---

मागाखालचा

उगाचच, तुमच्यासाठी रेकॉर्ड काढायला पाहिजे 😄

आणि गंमत म्हणजे त्याच मुखपृष्ठावर गाण्यांचा क्रम चुकीचा छापला होता. पहिली रेकॉर्ड, एवढी मेहनत, आणि वर लिहिलंय एक आणि वाजतंय दुसरं. मला ते कळलं नसतं, कारण माझ्या कॅसेटवर क्रमच लिहिलेला नव्हता. रूममेट आळशी. साधारण वीस-एकवीस मिनिटांची एक बाजू, कॅसेटची बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे दोन्हीकडं शेवटी नऊ-दहा मिनिटं नुसती फुसफुस. मी ती पण ऐकायचो. 'डे इज डन' संपलं की ती फुसफुस, आणि फुसफुशीत करंट आली की खालनं पहिला माग सुरू व्हायचा. आता मोबाईलवर ऐकताना पाचवं गाणं संपलं की लगेच सहावं लागतं, ते चुकल्यासारखं वाटतं.

---

गोकाकचा करदंट

जन्म कुठला त्याचा, बघितलं काय कुणी? रंगून, १९४८. वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये, सागवानाचा धंदा. आईसुद्धा घरी पियानोवर स्वतःची गाणी करायची. ती कुठं छापायला-विकायला नव्हती, घरातल्यांसाठी. ती रेकॉर्डिंग आता मिळतात, ऐका. पोरगा कुठनं आला ते लगेच कळतं. तेच उतरते स्वर, तीच संध्याकाळ.

माझी आज्जी जात्यावर म्हणायची ती कन्नड गाणी कुणी भरून ठेवली नाहीत. आम्हा सगळ्यांना दोन-दोन ओळी येतात, एकालाही पूर्ण येत नाही.

---

तबल्याची शाई

करदंट, त्या दोन-दोन ओळी तरी भरून ठेवा मोबाईलवर. चुलते आहेत तोवर.

---

गोकाकचा करदंट

रविवारी जातोय. ठेका कोण धरणार?

---

तबल्याची शाई

येतो की. पेट्रोल तुमचं, खायला करदंट पण तुमचा.

---

खासबागची नवी

नमस्कार, आजच सदस्य झाले. सगळा धागा वाचला. आमच्याकडे पण माग आहेत, चार. त्यामुळे दिवसा शक्य नाही, रात्री पोरं झोपलेली. मागाखालचा यांच्या पद्धतीनं ऐकायचं ठरवलंय. गाणी उतरवून ठेवलीत.

---

खासबागची नवी

करंट गेली. ३ वाजून १० मिनिटं. लावते.

---

मागाखालचा

इकडं पण गेली. बाबांना खाली बोलावलंय. आता ते पंच्याहत्तर पार, मोठ्यानं बोलावं लागतं, पण ठेका धरतात.

---

खासबागची नवी

आली करंट. चौथ्या गाण्यापर्यंतच पोचले. गिटार नव्हती म्हणून वाटलं मोबाईल अडकला, दोनदा बंद करून चालू केला.